ज्याचा हात रोज

"कुलूप बिघडलेलं नाही, सर. ते तुम्हाला ओळखत नाही, एवढंच," शहनाज मुजावर पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या.

नाशिकच्या सुरक्षातंत्र प्रयोगशाळेत डॉ. हेरंब गुळवणींना असं ऐकवायची हिंमत त्यांच्या या सहकारी बाईंखेरीज कुणाचीच नव्हती. कुलूप गुळवणींनीच बनवलेलं. मोटरसायकल त्यांचीच, म्हणजे वारलेल्या थोरल्या भावाची, अण्णांची. २०४७ साली पेट्रोलवर चालणारी गाडी बघायलासुद्धा मिळत नसे, आणि चोरांना ती सोन्याहून प्यारी. उद्या खंडेनवमी, म्हणून आज सकाळी नऊला गुळवणी पूजेसाठी गाडी धुवायला गेले. हँडलला हात लावताच चाकं जाम झाली आणि भोंग्याने दहा मिनिटं गल्ली डोक्यावर घेतली.

"माझ्याच गाडीने मला चोर ठरवलं!" गुळवणी म्हणाले. "याचा अर्थ कुणीतरी कुलपाला फितवलंय."

"फितवलं नाही, शिकवलंय. तुमचा नियम आठवा."

नियम साधा होता. या वळणकुलपाला ना किल्ली, ना अंगठा. किल्ली चोरता येते, अंगठ्याचा ठसा उचलता येतो. गाडी स्टँडवरून कोण कसं उतरवतं, भार कुठे टाकतं, हँडल किती दाबतं, हे कुलूप टिपायचं. या लकबीला गुळवणींनी नाव दिलं होतं हातवळण. पहिला आठवडा शिकण्याचा, तेव्हा भोंगा बंद. त्या आठवड्यात जे हात लागतील ते घरचे. पुढे वय वाढतं, गुडघे कुरकुरतात, म्हणून कुलूप रोज नव्याने शिकायचं आणि जे हात येत नाहीत त्यांना हळूहळू विसरायचं.

"मालकाचा नमुना एकदाच घेऊन कायम ठेवू, असं मी म्हणत होते," शहनाजबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, ठेवलेला नमुना चोरीला जातो, सवय जात नाही. ज्याचा हात रोज, तो मालक."

"मग रोज हात कुणाचा?"

"सकाळी सहा चाळीस. गाडी चार हात पुढे जाते, वीस मिनिटांनी परत जागेवर. कुलूप बसवल्यापासून आठ महिने, एकही खाडा नाही. वजन बेताचं, डावा हात जोरकस. तुम्ही शेवटची कधी चालवलीत?"

गुळवणींनी ती एकदाही चालवली नव्हती. चालवली असती तर बाजारात उभी करावी लागली असती, आणि तिथून कुणी नेली असती तर? आठ महिने ते रात्री खिडकीतून फक्त बघत होते, आहे ना जागेवर.

मग त्यांच्या मनात पाल चुकचुकली. डावा हात! शेजारचे साळवी डावरे. कॅरममध्ये गुळवणींना तीस वर्षं त्याच हाताने हरवत आलेले. अण्णांचे जिवलग दोस्त, आणि अण्णा गेल्यावर त्यांनीच म्हटलं होतं, "हेरंबराव, गाडी कधी विकायची झाली तर मला सांगा."

"सर, पुरावा बघा आधी," शहनाजबाई म्हणाल्या. "आणि हात लावू नका. दुसऱ्यांदा अनोळखी हात लागला की कुलूप चौकीला कळवतं. तोही नियम तुमचाच."

पण संशयाला औषध नसतं. संध्याकाळी गुळवणींनी साळवींविरुद्ध तक्रार लिहून टेबलावर ठेवली. पुढच्या आठवड्यात साळवी मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला निघाले होते. तक्रार गेली तर जाणं अडेल, हे गुळवणींना पक्कं ठाऊक होतं. तरी लिहिली. 

सकाळी साडेसहाला ते पडद्याआड उभे राहिले.

सहा चाळीसला दार वाजलं, ते घरचंच. कुंदा, त्यांची बायको, पदर खोचून बादली घेऊन आली. डाव्या हाताने हँडल धरलं, कमरेचा हलका हिसका दिला, आणि गाडी गरीब गाईसारखी चार हात पुढे सरकली. कुंदाने अंगण झाडलं, सडा घातला, आणि पायरी नि गाडी यांच्यामधल्या, एरवी बसताही न येणाऱ्या चिंचोळ्या जागेत रांगोळी काढायला बसली. आठ महिने गुळवणी ती रांगोळी ओलांडून कामावर जात होते. गाडी हलल्याशिवाय ती तिथे येते कशी, हा प्रश्न जगावर संशय घेणाऱ्या माणसाला एकदाही पडला नव्हता. लग्नात तिने डाव्या हाताने घास भरवला म्हणून केवढं रामायण झालं होतं, तेही ते साफ विसरले होते.

"कुंदा! रोज तू?"

"मग कोण? अंगण काय आपोआप झाडलं जातं?"

 शरमेच्या भरात, काहीतरी करायचं म्हणून त्यांनी गाडी मागे घ्यायला हात घातला. चाकं करकचली, भोंगा किंचाळला. कुंपणापलीकडून साळवी बनियनवरच धावत आले, हातात काठी. "कोण आहे रे? अण्णांच्या गाडीला हात लावतोस?" चोर बघून ते थबकले. "हेरंबराव, तुम्ही?"

कुंदाने हँडलवर तळवा टेकवला. भोंगा थांबला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. चौकीतून होता; घरचा नंबर म्हणून तिथे तिचाच दिलेला होता.

"गाडीच्या मालकीणबाई का? कुलपाने कळवलंय. चोर पळाला का?"

कुंदाने नवऱ्याकडे पाहिलं. काल टेबल पुसताना तो कागद तिने वाचला होता.

"नाही हो, इथेच उभा आहे," ती म्हणाली. "पोलीस नका पाठवू. आधी साळवीभाऊजींची माफी मागू दे त्याला. मग त्याला गाडीला हात लावू द्यायचा की नाही, ते मी ठरवीन."