बटणावरचं कुंकू

दार उघडेना. योगराजनं पुन्हा कार्ड टेकवलं, पण दिवा लालच राहिला.

आमगावातल्या त्याच्या छोट्या इंटरनेट कंपनीच्या मशीनखोलीत चौघं कोंडली गेली होती; टेकू देऊन उघडं ठेवलेलं दार त्यांच्या मागं लागलं होतं. मालक योगराज, मुख्य तंत्रज्ञ दुर्गेश, त्याची मदतनीस खुशबू आणि 'हिनंच मशीन पाडली' या दुर्गेशच्या तक्रारीवरून तिला न्यायला आलेल्या फौजदार हर्षाबाई बिसेन. एसी बंद पडला होता आणि चौघंही घामानं निथळत होती.

"दार काऊन अडकलं?" हर्षाबाईंनी विचारलं.

"डीएनएस पडलं, मॅडम," खुशबू म्हणाली. "वेबसाइटचं नाव दिलं का तिचा पत्ता सांगते ही मशीन. दाराचं कुलूपबी तिलेच विचारते. बाहेरून कोनी मापाबाहेर लांब उत्तर धाडलं का मेमरी उतू जाते अन् प्रोग्राम मरते."

"ते भोक मी पूजा झाल्यावर बुजवलं," दुर्गेश तोडून बोलला. "आता बाहेरून कोणी पाडूच शकत नाही. आतूनच पाडलं. पासवर्ड माझ्याशिवाय हिच्याकडंच आहे."

खुशबूचा चेहरा उतरला. चिचगडची पोर, एकदा पोलिसांच्या गाडीत बसली की तिला पुन्हा नोकरीवर कोण ठेवणार होतं?

"भोक बुजवलं कसं?" हर्षाबाईंनी दुर्गेशला विचारलं.

"नेटवरून दुरुस्ती उतरवली अन् मशीन बंद करून चालू केली. त्याबिगर ती बसतच नाही."

"बंद कशी केली?"

"समोरचं बटण दाबून. अजून कशी?"

हर्षाबाई मशीनपुढं वाकल्या. विश्वकर्मा पूजेचं कुंकू बटणाभोवती थापून वाळलं होतं. फटीवर चिकटलेले तांदूळही जागचे हलले नव्हते.

"योगराजभाऊ, पूजेनंतर मशीन बंद करता?"

"छे! कुंकू आपोआप गळेपर्यंत नाही. बाबांच्या राइस मिलपासूनचा नियम आहे. जो बंद करेल त्याची नोकरी गेली."

"मग बघा. बटण दाबलं असतं तर या कुंकवाला तडा गेला असता. दुर्गेशनं दुरुस्ती उतरवून ठेवली, पण तुमच्या धाकानं बटणाला हात लावला नाही. भोक उघडंच राहिलं. आज बाहेरच्या कोणीतरी त्यातून घाव घातला, आणि आपली लबाडी उघडी पडू नये म्हणून यानं या पोरीचं नाव घेतलं."

दुर्गेश भिंतीला टेकला. "मले नोकरी गमवायची नव्हती, मॅडम."

"तिलेबी नव्हती. खुशबू, दाब बटण."

खुशबूनं मालकाकडं पाहिलं. योगराजची मान खाली गेली. "दाब, बेटा."

कुंकू तडकलं. मशीन थांबली, मग पुन्हा घुमू लागली. पडद्यावर तेच लांबलचक उत्तर परत आलं आणि या खेपेला नाकारलं गेलं. दिवा हिरवा झाला.

खुशबूनं लाल बोट ओढणीला पुसलं आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.

हर्षाबाईंनी दुर्गेशला पुढं घातलं. "चला. गाडीत जागा आहे, तुम्हीच मागवली होती."