कोऱ्या रोलच्या कडेला

तपासकाकूंचे पाय त्या दिवशी सुजले होते. त्यांनी ते गरम पाण्याच्या टबात सोडले आणि नेमकी तेव्हाच तिघा भावंडांतली थोरली आली.

ऑफिस म्हणजे इस्त्रीवाल्याच्या दुकानावरची एक खोली. तिथे तपासकाकू हरवलेली माणसं, वस्तू आणि कारणं शोधून देत. काका म्हणजे त्यांचे यजमान. निवृत्त झाल्यावर त्यांनी बायकोच्या धंद्यात मदतनिसाची जागा पटकावली होती. थर्मास उचलायचा आणि चुकीचे अंदाज बांधायचे, ही त्यांची कामं.

"आज बंद आहे," काका म्हणाले.

"बंद कुठे, पाय भिजत घातलेत फक्त," काकू म्हणाल्या. "डोकं कोरडंच आहे. बस गं."

थोरली बसली. बसली कसली, खुर्चीत सांडलीच. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेतली नोकरी, त्यात दोन वर्षं आईचं आजारपण आणि महिन्यापूर्वी आई गेलेली. तिच्या चेहऱ्यावरचा शीण बघून काकांनी न विचारताच तिच्यापुढे चहा ठेवला.

तिने पर्समधून फिल्मची एक गुंडाळी काढली. काचेसारखी स्वच्छ, एकही चित्र नाही.

"यात आईचे शेवटचे फोटो होते. धुऊन आली ती अशी. घरात सगळे म्हणतात, तुझ्या त्या स्वस्तातल्या फिल्मने घात केला. मला फक्त एवढंच सांगा काकू, चूक माझी होती का? असेल तर असेल. कळलं तर निदान झोप तरी लागेल."

"धुतली कोणी?"

"स्टुडिओवाल्याने. एरवी मीच धुते, घरी, न्हाणीघरात. पण आई गेल्यापासून हात थरथरतात. फिल्म डब्यातून काढून चक्रीवर चढवायची ती मिट्ट काळोखात, नुसत्या बोटांनी. जमलंच नसतं."

"आणि स्वस्तातली म्हणजे कसली?"

थोरलीच्या डोळ्यांत पहिल्यांदाच जरा धुगधुगी आली. "काळी-पांढरीच, पण कुठल्याशा कारखान्यातल्या यंत्रासाठी बनवलेली. भलंमोठं रीळ मिळतं. मी काळोखात दोन्ही हात पसरून वाव-वावभर तुकडे कापते आणि वापरलेल्या जुन्या डब्यांत भरते. दुकानातला रोल मला परवडत नाही. हा परवडतो. हे बघा, याच रिळातले जुने."

तिने एक पट्टी पुढे केली. खिडकीशी बसलेली एक म्हातारी, मग एक मांजर, मग पुन्हा म्हातारी. काकांनी पट्टी उजेडात धरली. "कोपऱ्यात ही भोकं कसली?"

"सुईची. कितवा फोटो ते कळायला मीच टोचते."

"आणि रोल संपला की?" काकूंनी विचारलं.

"पूर्ण आत गुंडाळते. टोकाची जीभसुद्धा बाहेर ठेवत नाही, नाहीतर नवा समजून परत कॅमेऱ्यात जायचा. मग डब्यावर पट्टी लावून नाव घालते आणि फ्रिजमध्ये. गार राहिला की टिकतो. घरातले हसतात, म्हणतात दुधाशेजारी फोटो."

"या रोलच्या वेळी काही वेगळं घडलं?"

"मीच वेगळी झाले होते. धड मोजताही येत नव्हतं. मी काढलेल्या फोटोंपेक्षा कॅमेऱ्यातला आकडा चारने पुढे होता. दुपारी आईशेजारच्या खुर्चीत डोळा लागायचा. एकदा उठले तर कॅमेरा तिच्या पांघरुणावर. मीच ठेवला असेल. त्या दिवसांत मी चहात मीठ घालत होते."

काकांनी हातातला कप जरा लांब धरला.

"तुझ्या हातून रोल गेला कोणाकडे?"

"भावाकडे, मधल्याकडे. त्याने धाकटीला दिला. तिने स्टुडिओत."

"ही कोरी फिल्म तू नीट बघितलीस का?"

"एकदा उघडली. काही नाही म्हटल्यावर मिटून ठेवली. परत नाही बघवली."

काकूंनी पाय पुसले आणि चपला चढवल्या. पट्टे शेवटच्या भोकातही लागेनात.

स्टुडिओवाला पासपोर्टचे फोटो कापत होता. दिवसभर लोकांना हनुवटी वर करा, हनुवटी खाली करा म्हणून त्याचा आवाजच बसला होता.

"आलं माझ्यावर," तो म्हणाला. "फोटो चांगला आला की कॅमेरा चांगला, वाईट आला की स्टुडिओवाला." त्याने फिल्म खिडकीशी धरली. "कडेला बघा. बारीक आकडे दिसतात? फिल्म बनवतानाच हे उजेडाने उमटवतात, पण औषधातून गेल्याशिवाय दिसत नाहीत. माझं औषध बाद असतं तर आकडेही आले नसते."

काकांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचलं. "चौदा, पंधरा, सोळा. बाणसुद्धा आहे."

"म्हणजे माझं धुणं बरोबर. फिल्मवर उजेड पडलाच नाही. कॅमेऱ्यातल्या चाकात अडकली नसणार, म्हणून पुढे सरकलीच नसणार. चूक त्या बाईंची. आधीच इतक्या दमलेल्या, म्हणून तोंडावर बोललो नाही."

"डबा कसा होता?"

"डब्यासारखा डबा. जीभ बाहेर होती, म्हणून त्यांच्या बहिणीला विचारलंही, फोटो काढून झालेत ना? हो म्हणाल्या. वर नाव नव्हतं, ती पट्टी मीच चिकटवली. नाहीतर कोणाचा रोल कोणाला जायचा."

रस्त्यावर आल्यावर काका थांबले. "मिटलं. तिचीच चूक. आता हे तिला सांगणार कोण?"

"तुम्ही सांगा."

"मी? मी थर्मास धरतो."

"मग धरा आणि चला. अजून दोन जिने चढायचेत."

मधल्याचं नळांच्या सामानाचं दुकान होतं आणि वर घर. बैठकीच्या भिंतीवर एक मोठी फ्रेम टांगलेली होती. काच चकचकीत, आत काहीच नाही.

"आईचा मोठा फोटो लावणार होतो," तो म्हणाला. "फ्रेम आधीच आणली. बायको म्हणते, काढा ती, येणारे-जाणारे बघत राहतात. मला काढवत नाही." मग एकदम चिडून म्हणाला, "ताईला शंभरदा सांगितलं, आईचे फोटो असल्या भंगार फिल्मवर काढू नकोस."

"मोबाइल होता की घरात," काकू म्हणाल्या.

"मोबाइल दिसला की आई पांघरूण तोंडावर ओढायची. ताईचा जुना कॅमेरा तेवढा चालवून घ्यायची. तो तिला खेळण्यासारखा वाटायचा."

"रोल तुमच्याकडे किती वेळ होता?"

"दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. डब्यावर ताईच्या अक्षरात 'आई' लिहिलेलं. ते वाचलं की पाऊलच उचलेना. शेवटी धाकटी म्हणाली, दे दादा, मी नेते."

धाकटीचं पार्लर तिच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. हात चालू, नजर दाराकडे.

"मला त्या रोलमधलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "पिशवीत टाकला, नेऊन दिला. ताई उगाच मनाला लावून घेते. फिल्मच तसली होती."

जिने चढून काकांच्या घशाला कोरड पडली होती. ते आपणहोऊन फ्रिजकडे निघाले. "जरा गार पाणी घेतो हं."

"काका, बसा ना, मी देते." एका उडीत धाकटी मध्ये आली. वीतभर दार उघडून तिने बाटली काढली आणि पाठीने दार लावून घेतलं.

काकूंनी टॉवेलाची घडी घालायला घेतली. "आई यायची इथे?"

"दर महिन्याला. केस रंगवल्याशिवाय बाहेरच्या माणसासमोर जायची नाही. आणि कवळी काढली असेल तर बोलायचीच नाही, नुसत्या खुणा. एकदा डॉक्टरांशी पाऊण तास खुणांनी बोलली." धाकटी हसायला गेली, पण ओठ भलतीकडेच वळले.

जिना उतरताना काका म्हणाले, "मुलगी चांगली आहे, पण पाहुण्याला फ्रिज उघडू देत नाही. कंजूष."

"कंजूष नाही हो," काकू कठड्याला धरून उतरत म्हणाल्या. "आणि रविवारी सगळ्यांना मधल्याकडे बोलवा. मला हे लवकर संपवायचंय. आपल्याच माणसांना खोटं सांगणारी माणसं बघून पायच नाही, सगळं अंगच दुखायला लागतं."

रविवारी सकाळी रिकाम्या फ्रेमखाली सगळे जमले. स्टुडिओवालाही आला. बदनामी झाली होती, तर ती पुसलेलीही त्याला ऐकायची होती. काकूंनी कोणाचीही परवानगी न घेता पाय स्टुलावर ठेवले.

"दोन्ही पट्ट्या खिडकीशी धरा," त्या काकांना म्हणाल्या. "कोऱ्या पट्टीच्या कडेला काय आहे?"

"आकडे. मी वाचले की त्या दिवशी."

"आणि थोरलीच्या जुन्या पट्टीच्या?"

काकांनी पट्टी उलटी केली, सुलटी केली. "भोकं आहेत. आकडे... नाहीत."

"म्हणून तर ती सुईने टोचते. तिची फिल्म यंत्रासाठी बनवलेली, तिच्या कडेला कोणी आकडे उमटवत नाही. असते तर टोचायची हौस कोणाला आहे? ही कोरी फिल्म दुकानातली आहे. ही थोरलीची नाहीच."

थोरली ताठ बसली. मधल्याने स्टुडिओवाल्याकडे पाहिलं. स्टुडिओवाल्याने छताकडे.

"त्यांच्याकडे बघू नका," काकू म्हणाल्या. "थोरली जीभ पूर्ण आत गुंडाळते. स्टुडिओत आलेल्या रोलची जीभ बाहेर होती, म्हणजे तो कॅमेऱ्यात गेलेलाच नव्हता. थोरलीने डब्यावर नाव घातलं होतं आणि मधल्याने ते दोन दिवस वाचलं. स्टुडिओवाल्यांकडे आला तेव्हा डब्यावर काही नव्हतं. मधल्याचा खिसा सोडल्यावर आणि स्टुडिओचं दार येण्याआधी रोल बदलला."

खोलीत एकच नाव उरलं.

"बदलणाऱ्या माणसाला रोल नष्ट करायचा नव्हता," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "तसं असतं तर कचऱ्यात टाकला असता. पण तो गार जागी, नीट जपून ठेवलाय. आमच्या ह्यांना पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने घेता आलं नाही."

धाकटीने पर्समधून स्टीलची एक डबी काढली. सगळं सांगून टाकायचं म्हणून बरोबर आणलेली ती डबी अजून गार होती. आत रोल होता आणि रोलवर 'आई'.

"आईनेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "माझ्याकडे शेवटची आली तेव्हा. म्हणाली, कवळी नसलेला माझा फोटो भिंतीवर दिसला, तर बघ. आणि दादा फ्रेम घेऊन आला. एवढी मोठी. ताईने तिचे फोटो काढले ते कवळी नसतानाचे, केस गळलेले. मी काय करायचं?"

"मला सांगायचंस," थोरली म्हणाली.

"तुला कसं सांगणार? दोन वर्षं तू केलंस तिचं, मी फक्त केस रंगवले. तुला म्हणू, ते फोटो लावू नकोस?" तिने नाक पुसलं. "मला वाटलं, फिल्मला शिव्या पडतील आणि विषय संपेल. तू स्वतःलाच शिव्या घालत बसशील, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही."

"लबाड आहेस."

"आहेच."

"आणि नवा रोल विकत आणलास. मला एकदा तरी दुकानातला रोल आणून दिलायस का?"

धाकटी रडता रडता फिस्सकन हसली. काकांनी घाईघाईने थर्मास उघडला. अशा वेळी काय करायचं हे त्यांना कळत नसे, चहा मात्र कळे.

रोल त्याच दुपारी थोरलीच्या न्हाणीघरात धुतला. दाराच्या फटीत टॉवेल कोंबले, दिवा बंद केला. थोरलीचे हात अजून थरथरत होते, म्हणून धाकटीही आत गेली. बाहेर सगळे दाराला कान लावून.

"चढली का?"

"थांब. अडकतेय."

"तुझी नखं लागतायत."

"मग तू धर. हळू. हां, आता फिरव."

पुढचं काम झाकणबंद टाकीत, उजेडात करायचं होतं. औषधं झाली, पाणी झालं. थोरलीने ओली पट्टी बाहेरच्या खोलीत आणून खिडकीशी धरली. फोटो होते. आई खिडकीशी. आई उशीला टेकलेली, बिनकवळीची, कॅमेऱ्याकडे बघून चक्क हसणारी.

"माझ्यासमोर नाही कधी अशी हसली," धाकटी म्हणाली.

थोरली पट्टी सरकवत शेवटाला आली आणि थांबली. खुर्ची. खुर्चीत मान टाकून झोपलेलं माणूस, तोंड उघडं. पुढच्या फोटोत तेच, जरा तिरकं. पुढच्यात अजून तिरकं.

"ही मी आहे. हे मी नाही काढले."

"नाही काढलेस," काकू म्हणाल्या. "आकडा चारने पुढे होता ना? तू मोजायला चुकली नव्हतीस. आणि कॅमेरा पांघरुणावर तू ठेवला नव्हतास. तुला झोप लागली होती आणि कोणीतरी तुझ्याकडे बघत होतं."

थोरलीने पट्टी धाकटीच्या हातात दिली आणि ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. तिच्या स्वतःच्या घरात तिचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा कायम तिच्याच हातात.

चौथ्या फोटोत कोपरा सगळा झाकला गेला होता, मोठ्या धूसर डागाने. मधल्याने डोळे बारीक केले. "हे काय? फिल्म खराब?"

"बोट आहे आईचं," धाकटी म्हणाली. "भिंगापुढे आलंय." तिने पट्टी आणखी जवळ धरली. "दादा, फ्रेममध्ये हाच लाव. बाकीचे ताईकडे राहू देत. हा मोठा कर. यात ताई आहे आणि आईही आहे. बोटाला काही कवळी लागत नाही."

मधल्याने मान हलवली. हलवतच राहिला.

"तुला चालेल ना गं?" काकूंनी वळून विचारलं.

 कोपऱ्यातल्या खुर्चीत थोरली केव्हाच मान टाकून झोपली होती. तोंड थोडं उघडं, अगदी फोटोतल्यासारखी. काका काहीतरी म्हणणार होते, तेवढ्यात काकूंनी ओठांवर बोट ठेवलं, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच जिन्याकडे निघाल्या.