परबाण कुठल्या बाजूला?

"बाबांचं डोकं ठिकाणावर आहे, एवढंच सिद्ध करून द्या," मुलगी म्हणाली. "दादा त्यांना वृद्धाश्रमात ठेवायला निघालाय."

खासगी गुप्तहेर तात्या उठलेच. पाठोपाठ त्यांचे साडू. प्रत्येक तपासात साडू सोबत असत, प्रत्येक वेळी चुकत, तरी उत्साह तसूभरही कमी होत नसे.

म्हातारबांनी अर्धं आयुष्य गलबतावर काढलं होतं आणि उरलेलं गलबतांच्या प्रतिकृती बनवण्यात. आता दृष्टी गेली होती. रस्त्याकडच्या खिडकीत त्यांची सर्वांत लाडकी प्रतिकृती होती, ते ज्यावर होते त्याच गलबताची.

"हे माझं नव्हे," त्यावर बोटं फिरवत ते म्हणाले. "परबाण, म्हणजे शिडाचा हा तिरका वासा, डोलकाठीच्या डावीकडे होता. त्याचा दोर उजव्या कठड्याला. आमच्या गलबताची बांधणीच तशी जगावेगळी. इथे सगळं उलटं आहे."

"तेच गलबत आहे, बाबा," मुलगा वैतागला. "दर आठवड्याला मीच धूळ पुसतो." त्याच्या बुटाची नाडी लोळत होती. त्याने ती तशीच बुटात खुपसली.

"घरात बाहेरचं कोण आलं होतं?" तात्यांनी विचारलं.

"बाबांचा शिष्य येतो. आणि समोरचे घड्याळजी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून गेले. मी तेव्हा बाजारात होते," मुलगी म्हणाली.

शिष्य शेजारच्याच शिडांच्या कारखान्यात शीड शिवत होता. "दोर? उजव्या कठड्याला! सगळे परबाणाच्याच बाजूला बांधतात. गुरुजींना किती सांगितलं, पण ऐकतील तर शपथ."

"हाच चोर!" बाहेर येताच साडू कुजबुजले. "असं हुबेहूब दुसरं कोण बनवणार?"

 तात्या रस्ता ओलांडून घड्याळजींच्या दुकानात शिरले. घड्याळजी दाराकडे पाठ करून बसले होते.

"या तात्या, साडूंनाही आणलंत," मान न वळवता ते म्हणाले. समोरच्या भिंतीवर भलामोठा आरसा होता.

तात्या क्षणभर आरशात पाहत राहिले. "चला घड्याळजी, म्हातारबांकडे जाऊ."

खिडकीपाशी सगळे जमल्यावर तात्या म्हणाले, "गलबत बदललंय. म्हातारबा बरोबर आहेत. मुलाला साधी गाठ येत नाही. शिष्याला कुठला दोर कुठे, हे तोंडपाठ आहे. तो बाजू चुकणार नाही. सवयीने बांधणाऱ्याने परबाण आणि दोर एकाच बाजूला घेतले असते. इथे मात्र जगावेगळी बांधणी तंतोतंत उचललीय, फक्त उलटी. गलबताचं अंग दोन्हीकडून सारखंच, त्यामुळे फरक फक्त परबाणात आणि दोरांत दिसतो. म्हणजे बनवणाऱ्याने खिडकीतलं गलबत समोरच्या दुकानातल्या आरशात पाहिलं. घड्याळजी, वळून बघितलं असतं तर गावभर झालं असतं, नाही का?"

घड्याळजींचा चेहरा उतरला. "माझा थोरला भाऊ त्या गलबतावरून गेला, तो परतलाच नाही. मला ते घरात हवं होतं. मागायचा धीर झाला नाही."

मुलगा खाली मान घालून वडिलांच्या पायाशी बसला. "बाबा, चुकलो."

म्हातारबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. 

"माझं गलबत परत आण," मग ते घड्याळजींना म्हणाले. "तुझं हे घेऊन जा. पण आधी इकडे बस, दोर सोड, नीट बांधायला शिकवतो. उजव्या कठड्याला दोर न्यायची युक्ती तुझ्या भावाचीच होती."