धबधब्याकडे पाठ करून

"अहो, जरा बाजूला होता का? फोटोत येताय तुम्ही!"

धबधब्याच्या आवाजात माझं ओरडणं त्याला ऐकू गेलं नाही. खाली डोहाच्या काठावर तो धबधब्याकडे पाठ करून उभा होता... घळीतून पुढे निघून जाणारं पाणी बघत. मी ट्रायपॉड तिथंच सोडला आणि घसरत, सावरत खाली गेले.

मी जवळ जाऊन हाक मारली तसा तो वळला, आणि त्याला वरचा ट्रायपॉड दिसला. चष्म्यावर तुषार जमले होते, आणि काचांमागचे डोळे... इतके दमलेले डोळे मी कधी पाहिले नव्हते.

"सॉरी. तुमचा फोटो बिघडवला मी."

"छे! माणूस असला की धबधबा केवढा आहे ते कळतं," मी चक्क पलटी मारली. "उभे राहा तसेच."

तो हसला. अगदी थोडंसं. माझी मात्र विकेट पडली!

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढच्याच आठवड्यात मी डोळे तपासायला हजर.

"कुठली ओळ वाचता येते?"

"एकही नाही. मध्ये तुम्ही येताय."

त्याचे कान लाल झाले. "नजर उत्तम आहे तुमची. चष्मा लागणार नाही."

"अरेरे... मग उद्या पुन्हा तपासून घेते."

बघता बघता 'अहो'चं 'अरे' झालं. आई चिडवायची, "निघाली चष्मेवाल्याकडे! डोळे धडधाकट असून आंधळी झालीये ही पोरगी."

पण नदीचा विषय निघाला की तो मिटून जायचा. एकदा दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी बसून त्याने सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ त्याच डोहात पाय घसरून पडला होता. पाणी ओसरल्यावर सगळी घळ पालथी घातली, पण तो सापडला नाही.

"आई अजून दाराला कडी लावू देत नाही," तो म्हणाला. "म्हणून जातो मी तिथे. निदान चप्पल तरी मिळेल..."

मी त्याचा हात हातात घेतला.

त्यानंतर मला एका पुस्तकासाठी नदीच्या घळींचे फोटो काढायचं काम मिळालं. दोर बांधून खाली उतरायचं होतं. 'दुपारी परत येते' असं त्याला सांगून गेले. पण उतरत्या उन्हात कडे असे काही उजळले की मी थांबले... आणखी थोडी थांबले. फोनला रेंज नव्हती. वर आले तेव्हा दिवस मावळत होता, आणि कड्याच्या टोकाशी तो उभा होता. हाका मारून मारून त्याचा आवाज पार गेला होता. त्याने माझा चेहरा चाचपला आणि खडकावर बसून लहान मुलासारखा रडला.

"मी सोडते हे सगळं," मी म्हणाले.

सोडलंही. एका स्टुडिओत पांढऱ्या पडद्यासमोर पासपोर्टचे फोटो काढू लागले. हनुवटी वर... डोळे उघडे... झालं. संध्याकाळी तो न्यायला यायचा. स्वतःशीच गुणगुणायला लागला होता तो, आणि ते ऐकून मला वाटायचं, मिळवलं सगळं.

एके दिवशी तो आला तेव्हा मी आतल्या बेसिनपाशी होते. नळ सुरू, खिडकीतून तिरपं ऊन, आणि त्या धारेकडे मी टक लावून बघत होते. किती वेळ, कोण जाणे. त्याने हात पुढे करून नळ बंद केला.

"खूप प्रेम आहे माझं तुझ्यावर," तो म्हणाला.

"वेड्या... हे आज सांगतोयस?"

"आजच सांगायला हवं. तुला इथं असं कोंडलेलं बघवत नाही मला. आणि काठावर उभं राहून वाट बघणं... ते पुन्हा नाही जमणार."

"मी लवकर येत जाईन ना! शपथ!"

"धाकटाही तसंच सांगून गेला होता."

मी भांडले. रडले. मग आम्ही बसस्टॉपवर जाऊन उभे राहिलो. एक बस सोडली, दुसरीही सोडली. तिसरी आली तेव्हा त्यानेच माझी बॅग उचलून खांद्याला अडकवली.

"नदीवरून परत आले की तुला एक फोन करू? फक्त... पोचले एवढंच सांगायला?"

"नको," तो म्हणाला. "एखाद्या दिवशी तो फोन आला नाही, तर..."

कंडक्टरने बेल मारली.