पाहुणी प्रणाली

लॅपटॉपची बॅटरी उत्तम होती. पडदा उत्तम, कळफलक उत्तम, आतला पंखाही गुमान फिरत होता. टापटीप नावाच्या घरच्या यंत्रमानवाने तपासणी करून तसा निर्वाळाच दिला. तरी लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर एकच वाक्य उमटायचं : ‘हे यंत्र जुने झाले आहे. कृपया नवे घ्यावे.’

“सगळे अवयव ठणठणीत, मग आजारी कोण?” मिहिकाने विचारलं.

टापटीपला उत्तर आलं नाही की तो सोफा पुसायला घेतो. आताही त्याने तेच केलं.

मिहिकाला मात्र गप्प बसून चालणार नव्हतं. नीलगंगा वसाहतीतल्या नाल्यावरच्या पुलाला प्रखर दिवे लावायचं घाटत होतं. पुलाखाली वटवाघळं राहतात, उजेडाने ती निघून जातील, असं ती सगळ्यांना सांगत होती. “पुरावा आण बाळा, संध्याकाळच्या सभेत ऐकव,” असं अध्यक्ष पठारेबाई म्हणाल्या होत्या. पुरावा होता. वटवाघळं श्राव्यातीत ध्वनी (माणसाच्या कानाला ऐकू न येणारा अतिशय बारीक आवाज) काढतात. मिहिकाने खास मायक्रोफोन लावून तो टिपला होता आणि संथ करून ऐकू येईल असा केला होता. पण सगळं ध्वनिमुद्रण याच लॅपटॉपमध्ये होतं, दुसरीकडे कुठेही नाही. ती रडायच्या बेतात होती.

तिचे आबा, म्हणजे आईचे वडील, उपग्रहांची उपकरणं बनवून निवृत्त झाले होते. नातीचं रडवेलं तोंड पाहूनही ते चहा संपवूनच उठले.

“लॅपटॉप म्हणजे नुसतं घर,” ते म्हणाले. “त्यात कार्यप्रणाली (यंत्राच्या सगळ्या भागांकडून काम करून घेणारा मुख्य प्रोग्रॅम) राहायला येते. तू कळ दाबलीस हे तिला कळतं. मग ती पडद्याला अक्षर काढायला सांगते. तुझं घर भक्कम आहे गं. आतली कारभारीण तेवढी काम करायला नाही म्हणतेय, कारण तिच्या कंपनीचा तसा हुकूम आहे.”

“मग दुसरी कारभारीण आणू या!”

“आणू. मुक्तस्रोत (जिची घडण कुणालाही वाचता, सुधारता आणि वाटता येते अशी) आणू. जुन्या यंत्रांवर जीव असलेली माणसं जगभर आहेत. ती अशा प्रणालीची डागडुजी करत राहतात. तिथे कुणा एकाच्या हुकमाने यंत्र म्हातारं होत नाही.”

“आणि ती आत येताना माझी वटवाघळं पुसली गेली तर?”

“म्हणून आधी पाहुणी म्हणून बोलवायची.”

आबांनी आपल्या संगणकावरून ती प्रणाली एका पेनड्राइव्हवर उतरवली आणि तो मिहिकाच्या लॅपटॉपला जोडला. एरवी लॅपटॉप जागा झाला की प्रणाली स्वतःच्या डिस्कवर (सगळं कायमचं साठवायच्या जागेवर) शोधतो. आबांनी सांगितलेली कळ मिहिकाने दाबून धरली, तेव्हा त्याने आधी पेनड्राइव्हकडे पाहिलं. पाहुणी तिथून उठून तात्पुरत्या स्मृतीत (वीज बंद होताच रिकाम्या होणाऱ्या जागेत) येऊन बसली. तिने डिस्कवरच्या कशालाही हात लावला नाही. नवा निळा पडदा उघडला आणि त्यात मिहिकाच्या सगळ्या ध्वनिफिती जशाच्या तशा दिसल्या. मिहिकाने टाळी वाजवली. आबा समाधानाने सदरा बदलायला आत गेले.

पडद्यावर एक बटण होतं : ‘कायमची बसवा’. मिहिकाने ते दाबलं. दोन पर्याय आले. एक, ‘जुन्या प्रणालीशेजारी बसवा’. दुसरा, ‘सगळं साफ करून बसवा’.

मिहिकाच्या घरचे या वसाहतीत राहायला आले तेव्हा फरशी धुऊन होईपर्यंत आईने एक खुर्चीसुद्धा आत येऊ दिली नव्हती. नव्या संसाराआधी घर धुवायचं, ही त्यांच्या घरची रीत. मिहिकाने दुसरा पर्याय निवडला.

‘या डिस्कवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल. पुढे जायचं?’

“अवश्य,” टापटीप म्हणाला. “स्वच्छता सर्वोत्तम.”

मिहिकाचं बोट कळीवर टेकलं आणि तिथेच थांबलं. आईने घर धुतलं, तेव्हा ते रिकामं होतं. हे रिकामं नव्हतं. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

आबा बाहेर आले आणि त्यांनी पडदा वाचला.

“चूक माझी,” ते म्हणाले. “आधी दुसरी प्रत काढून ठेवायला हवी होती. मी शहाणा, सदरा बदलायला गेलो!”

त्यांनी ते बसवणं रद्द केलं आणि सगळ्या ध्वनिफितींची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढली.

सभेत मिहिकाने पाहुण्या प्रणालीवरच आवाज लावला. आधी सावकाश टिक्, टिक्, टिक्. मग टिकटिक भराभर वाढत गेली आणि तिचा टर्रर्र झाला.

“इथे वटवाघळाने किडा पकडला,” मिहिका म्हणाली. “आपल्या पुलाखाली. बहुतेक डास.”

डासांचं नाव निघताच मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. पठारेबाईंनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग हात वर झाले. पुलाला प्रखर दिवे नकोत, पायऱ्यांशी जमिनीकडे तोंड केलेला एक मंद दिवा पुरे, असं ठरलं.

“मात्र पुढच्या वर्षी पुन्हा ऐकवायचं हं,” पठारेबाई म्हणाल्या. “वटवाघळं राहिली की गेली, आम्हाला कळायला हवं. जमेल?”

“जमेल!” मिहिका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, प्रत कपाटात नीट ठेवल्यावर, तिने नवी प्रणाली कायमची बसवायला घेतली. यंत्राने बरेच प्रश्न विचारले. भाषा कोणती? मराठी. गाव कोणतं? तेही तिने सांगितलं. शेवटचा प्रश्न आला : ‘या यंत्राचे मालक कोण?’

मिहिकाने आबांकडे पाहिलं. ते मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते. मग तिने एकेक कळ सावकाश दाबत स्वतःचं नाव लिहिलं.