सुलतान आरवला का नाही?

"आज पण नाही आरवला! आकिब, ऊठ!" रुफैदा बर्फाने भरलेल्या बुटांसकट चाचांच्या घरात घुसली.

"सुटी आहे गं," रजईतून आवाज आला. "एवढा बर्फ पडलाय, कोंबड्याने पण घेतली असेल सुटी!"

"चेष्टा नको. परवा म्हातारी कोंबडी मेली, आज कोणाची पाळी?"

आकिब ताडकन उठला. हा तिचा चुलतभाऊ, तिच्याहून वर्षाने मोठा आणि जिभेने दहा वर्षांनी. दोघं खुराड्याशी पोचली तेव्हा रुफैदाचा धाकटा भाऊ मुसैब दाराशी उकिडवा बसून रडकुंडीला आला होता.

दार उघडलं. ज्याच्या आरवण्याने पलीकडच्या गावातली माणसं अंथरुणं सोडत, तो सुलतान चार पावलं चालला आणि धपकन बर्फात बसला. गलेलठ्ठ बेगम भिंतीला टेकून डुलत होती. पांढऱ्या शीनची तर मानच सावरत नव्हती. रुफैदाने तिला उचलून आपल्या फेरनमध्ये, ढगळ लोकरी झग्यात, घेतलं. अंड्यातून बाहेर आली तेव्हा शीन तिच्याच ओंजळीत वाळली होती.

"थंडीच बाधली," आकिब म्हणाला.

"मग दुपारी ठणठणीत कशा होतात? दुपारी काय उन्हाळा येतो?"

आकिब सुलतानला उचलायला वाकला.

तेवढ्यात चाचा आले. पाठोपाठ रुफैदाचे अब्बाही. दोघे सख्खे भाऊ एकमेकांपासून दोन हातांवर उभे राहिले आणि दोघांनी दोन दिशांना पाहिलं. त्याचं असं झालं होतं, की पहिल्या मोठ्या बर्फात अब्बांनी छपरावरचा बर्फ खाली ओढला, तो नेमका चाचांच्या दारात पडला. दुसऱ्या दिवशी चाचांनी आपला बर्फ अब्बांच्या दारात पाडला. झालं! तेव्हापासून अबोला. घर एकच, मधल्या भिंतीने दोन झालेलं. कोंबड्या सामाईक, आणि त्यांचं खुराडं दोन्ही घरांच्या मधोमध.

"रुफैदा, तुझ्या अब्बांना सांग," चाचा म्हणाले, "ही साथ आहे. मेलेली कोंबडी खाता येत नाही. मरायच्या आत सगळ्या कापू. उद्या शुक्रवार, उद्याच!"

"तुझ्या चाचांना सांग," अब्बा म्हणाले, "तेवढं एक शहाणपणाचं बोलले."

दोघांना ऐकू येत होतं, तरी रुफैदाच्या तोंडाकडे बघत उभे! तिने शीनला आणखी घट्ट धरलं. एवढ्या दिवसांत हे दोघे पहिल्यांदा एका गोष्टीवर एक झाले, तेही शीनला कापायला!

तिघांची बैठक लाकडांच्या छपरीत भरली.

"विष!" आकिब म्हणाला. "मक्यात कोणीतरी कालवतंय."

"तोच मका आपल्याकडे भाजून खातात. तू डुलतोस का?"

"मग मुंगूस?"

"मुंगूस काय गुंगीचं औषध देतं?"

"जिन्न!" मुसैब हळूच म्हणाला.

"तुझ्यापेक्षा मुंगूस बरं," आकिब म्हणाला. "मला तर काही म्हणता काही कळत नाही. सकाळी आजारी, दुपारी बऱ्या, रात्री बऱ्या, सकाळी परत आजारी!"

रुफैदा एकदम ताठ बसली. "रात्री कोंडताना बऱ्या असतात. म्हणजे काय होतं ते रात्री खुराड्यातच होतं! पण शीन परवा रात्री कुठे होती?"

"माझ्याकडे," मुसैब पुटपुटला. "मी तिला टोपलीखाली इथे छपरीत ठेवली होती. मला वाटलं, खुराड्यात जिन्न आहे."

"आणि सकाळी?"

"टुणटुण उड्या मारत होती!"

छपरीत तर वारा नुसता शिट्ट्या घालत होता. थंडीने मरायचं तर शीनने तिथेच मरायला हवं होतं. मग उबदार खुराड्यात काय होतं? कोडं सुटायचं सोडून आणखी गुंतलं.

"आज संध्याकाळी पहारा," रुफैदाने ठरवलं. खुराड्याला वाटा तीन. अब्बांच्या बाजूला दार, चाचांच्या बाजूला लहानशी झडप, आणि वर देदच्या स्वयंपाकघरात उघडणारा झरोका. देद म्हणजे तिघांची आजी. "दाराशी मी, झडपेशी आकिब. मुसैब, तू देदजवळ चहा पीत बस आणि झरोक्यावरून नजर हलवू नकोस."

"मी चहा चांगला पिईन," मुसैब म्हणाला.

दिवे लागायच्या वेळेला तिघं छपरीत धापा टाकत परतली.

"चोर सापडला!" आकिब म्हणाला.

"मलाही सापडला!" रुफैदा म्हणाली.

"मलाच सापडलाय!" मुसैब ओरडला. "देद!"

"देद कशी? माझे अब्बा होते!" आकिब म्हणाला. "फेरनखाली निखाऱ्यांनी भरलेली कांगडी लपवून आणली, झडपेतून आत सरकवली आणि फटीत पेंढा ठासला."

"अब्बा होते खरे, पण माझे," रुफैदा म्हणाली. "त्यांनी पण कांगडीच ठेवली, आणि दाराला बाहेरून घोंगडी ठोकली."

"देदने पण कांगडी! झरोक्यात पोतं कोंबलं. मला म्हणाली, कोणाला सांगशील तर बघ."

चोर एकही नाही, आणि निखाऱ्यांच्या शेगड्या तीन तीन! कोंबड्यांना ऊब देणाऱ्याला मारेकरी तरी कसं म्हणायचं?

"चला, दार उघडू," रुफैदा म्हणाली. घोंगडी बाजूला करताच कोळशाचा उग्र, कोंदट वास अंगावर आला. क्षणभर डोकं गरगरलं. आत सुलतान आतापासूनच पेंगत होता.

"रुफैदा," आकिबचा आवाज बदलला, "देद आपल्याला रोज झोपताना काय म्हणते?"

"कांगडी खोलीबाहेर ठेवा, नाहीतर खिडकी किलकिली ठेवा. बंद खोलीत कोळसा माणूस मारतो." बोलता बोलता तिचे डोळे विस्फारले. "या अल्लाह! माणूस मारतो, मग कोंबडी?"

मग काय हात चालले म्हणता! तिन्ही कांगड्या बाहेर. पेंढा बाहेर. दाराची घोंगडी परत लावली, झडप बंद ठेवली, वारा अंगावर नको म्हणून. वरचा झरोका मात्र मुसैबने देद नमाजाला बसल्यावर हळूच मोकळा केला. खाली कोरड्या पेंढ्याची गादी घातली.

"गारठल्या तर?" आकिब म्हणाला.

"पिसं फुगवून बसतील," रुफैदा म्हणाली खरी, पण तिला रात्रभर नीट झोप लागली नाही. चुकलं असेल तर शीन गेली.

पहाटे मोठीच गंमत झाली. तिन्ही मोठी माणसं आपापली कांगडी काढायला आली आणि तिघांचीही कांगडी गायब! पण विचारणार कोणाला? चोरी कबूल केल्याशिवाय हरवल्याची तक्रार कशी करायची? देद झरोक्यात हात घालून चाचपत राहिली. अब्बा दाराशी डोकं खाजवत उभे. चाचा हातात सुरी घेऊन आले, पण नजर झडपेकडे.

आणि तेवढ्यात, कुकुच्कू! असा काही आरवला सुलतान की छपरावरचा बर्फ घसरून पडला!

रुफैदाने दार उघडलं. सुलतान ऐटीत बाहेर आला, मागे बेगम, मागे बाकीच्या. शीनने तर थेट चाचांच्या बुटाला चोच मारली.

"ही साथ म्हणे!" आकिब म्हणाला आणि अंगणातली टोपली उचलली. खाली तीन कांगड्या ओळीत. "ज्याची त्याने ओळखावी."

शेवटी देदच पुढे झाली. "लाल वेताची माझी. सुना ओरडतील म्हणून लपवली. म्हणतील, या वयात स्वतः गारठते आणि कोंबड्यांना शेकते."

"माझी ती..." अब्बा घुटमळले. "कोंबडीला पिसं असतात, कांगडी कशाला, असं मीच सगळ्यांसमोर म्हणालो होतो. मग कुठल्या तोंडाने सांगणार?"

"तिसरी माझी," चाचा म्हणाले. "मला वाटलं, हवा यायला दार तर उघडंच असेल."

"मला वाटलं, झडप उघडी असेल!"

"आणि मला वाटलं, तुम्ही दोघं शहाणे असाल," देद म्हणाली.

रुफैदाने सगळं सांगितलं. छपरीतली शीन, पहारा, कोळशाचा वास. शेवटी तिने डोळे पुसले. "म्हातारी कोंबडी गेली ती अशीच. कोणीही एक शब्द बोललं असतं, तर ती वाचली असती."

चाचांनी सुरी फेरनमध्ये लपवली. ते तिच्या अब्बांकडे वळले. मधे कोणालाही न घेता म्हणाले, "भाईजान, चूक झाली."

"माझी आधी झाली," अब्बा म्हणाले आणि त्यांचा खांदा दाबला.

देदने तिन्ही मुलांना एका फेरनमध्ये मावतील तेवढं जवळ ओढलं. "थंडीने या अंगणातली एकही कोंबडी मेली नाही. जी मेली ती तुमच्या अबोल्याने आणि माझ्या लपवाछपवीने. एवढी मोठी माणसं आम्ही, आणि अक्कल या पोरांकडे! शाब्बास, माझ्या वाघांनो!"

"पण सुरी आणलीच आहे, तर आज जेवायला काय?" मुसैबने विचारलं.

"शलगमची भाजी!" दोघे भाऊ एकदमच म्हणाले, आणि रुफैदाला रडता रडता हसू फुटलं.