रिकाम्या डिकीतलं ओझं

खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. कुणाच्या हातापाया पडून पटवायला मी बसलेलो नाही. पण मार्लिस माझी मावसबहीण आहे, उगाच काहीबाही बडबडणाऱ्यातली ती नाही, आणि यातला शेवटचा भाग मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

जानेवारीतली गोष्ट. मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, लेक सुपीरियरच्या काठी आमचं गाव आहे. तसं म्हटलं तर संध्याकाळच होती, पण त्या दिवसांत आमच्याकडे संध्याकाळ म्हणजे काळोखच. दुपारपासून बर्फ पडत होता. मार्लिस खाणीच्या चढाखाली गाडी उभी करून बसली होती.

गाडीत ती एकटीच होती.

निदान तेव्हा तिला तसं वाटत होतं...

गाडी तिच्या धाकट्या भावाची, ड्वेनची. लाल, बुटकी, दोनच सीटची स्पोर्ट्‌स कार. इंजिन पुढे आणि जोर सगळा मागच्या चाकांना. असली गाडी उन्हाळ्यात राणीसारखी पळते आणि बर्फात मालकाचा जीव घेते. मागचं अंग हलकं असतं ना! पाय जरा जास्त पडला की शेपूट बाजूला पळते. म्हणून आमच्याकडे ज्याच्याजवळ असली गाडी असेल तो थंडी पडली की टायर बदलतो आणि डिकीत वाळूच्या गोण्या टाकतो, मागच्या चाकांच्या बरोबर वर. त्या जागच्या हलू नयेत म्हणून सभोवती लाकडी चौकट बसवतो. गोणी सुटी राहिली तर ती नसलेली परवडली. वळणावर ती घसरते आणि गाडीलाही घेऊन जाते.

हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ड्वेनची चौकट तर त्याने स्वतःच्या हाताने बनवली होती.

आणि आदल्या हिवाळ्यात तो त्याच गाडीत गेला.

खाणीचा चढ चढून पलीकडे उतरताना उजवीकडे वळण लागतं. तिथे गाडी आडवी झाली आणि समोरच्या बाजूचं बर्चचं झाड थेट त्याच्या दारात घुसलं. लोक जमले तोवर सगळं संपलं होतं.

गाडी ओढून नेल्यावर डिकी उघडली तर आत काही नाही. वाळूचा कण नाही.

झालं! गावाला आयताच विषय मिळाला. सगळ्यात मोठा आवाज लायल कोटिलाचा. गावातला टोइंगचा ट्रक त्याचा, ड्वेनची गाडी झाडातून ओढून त्यानेच काढलेली, आणि वर ड्वेनचा शाळेपासूनचा दोस्त. चर्चच्या तळघरात अंत्यविधीनंतरचं जेवण चाललेलं, आणि हा हातात बटाट्याच्या भाजीची प्लेट घेऊन म्हणतोय, "किती वेळा सांगितलं, बाबा रे, वाळू टाक, वाळू टाक. ऐकतोय कुठला? पोरींना गाडी दाखवायची होती साहेबांना!"

दोनचार जण हसलेसुद्धा.

आयलीन मावशी, म्हणजे ड्वेनची आई, मागेच उभी होती. त्या दिवसापासून ती रविवारी चर्चनंतर तळघरातल्या कॉफीला कधी थांबली नाही. पोरगा गेला ते गेला, पण गावाने त्याला मूर्ख ठरवून पुरला, हे तिच्या काळजात रुतलं.

मार्लिसचं तसं नव्हतं. मार्लिस रडली नाही. मार्लिस भडकली.

ती सरकारी बर्फ काढायचा ट्रक चालवते. अंगाने दणकट, तोंडाने त्याहून दणकट. उन्हाळाभर शेडमध्ये बसून तिने ती गाडी सरळ केली. भंगारात लाल दार मिळालं नाही म्हणून निळं बसवलं.

"कशाला गं ती अवदसा घरात आणलीस?" मावशी म्हणाली.

"आई, ड्वेन आळशी होता, उधळ्या होता, सगळं होता. पण वाळू विसरणारा नव्हता. रिकाम्या डिकीने ही गाडी बर्फात खाणीचा चढ चढूच शकत नाही. आणि तो तर चढ चढून पलीकडे मेला ना? मग चढला कसा? मी गावाला तिथे उभं करून दाखवणार आहे."

म्हणून ती त्या संध्याकाळी तिथे होती. डिकी मुद्दाम रिकामी ठेवलेली. आधी स्वतः खात्री करून घ्यायची, मग लोकांना बोलवायचं, असा बेत.

तिने गिअर टाकला. हळूच ॲक्सिलरेटर दाबला.

मागची चाकं जागच्या जागी फिरली. गाडी तसूभर पुढे गेली आणि घसरत खाली आली.

पुन्हा तेच.

तिसऱ्यांदाही तेच.

"बघा रे, भडव्यांनो!" मार्लिस एकटीच गाडीत ओरडली. "बघा! चढते का? सांगा, चढते का?"

आणि तेवढ्यात...

गाडीचं मागचं अंग खाली दबलं.

हळूच. कुणीतरी डिकीत काहीतरी जड ठेवावं तसं.

मग पुन्हा एकदा.

चाकांनी पकड घेतली. मार्लिसचा पाय ॲक्सिलरेटरवरच होता, आणि गाडी चढाला लागली. सरळ. गुमान. जराही न घसरता.

आरशात फक्त पडणारा बर्फ दिसत होता. मागे कुणी नव्हतं.

चढ संपला. उतरण सुरू झाली. रेडिओ बंद, हीटरची तेवढी घरघर. तिने वेग कमी ठेवला होता.

रस्ता जरासा डावीकडे वळला...

धप्प.

डिकीत काहीतरी उजवीकडे सरकून आदळलं होतं.

तिला वाटलं, जॅक सुटला असेल. मग आठवलं, जॅक तर तिने शेडमध्येच काढून ठेवलाय.

पुढे ते उजवं वळण आलं.

सर्रर्र... कापडी गोणी पत्र्यावरून घसरते तसा आवाज. या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. आणि... धप्प!

गाडीची शेपूट डावीकडे निसटली. समोर बर्चची झाडं आडवी फिरायला लागली. दुसरं कुणी असतं तर ब्रेक मारून मेलं असतं. मार्लिसने ब्रेकला पायही लावला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग शेपटीच्या दिशेने फिरवलं आणि शिव्या देत देत गाडी सरळ केली. थांबली ती झाडापासून हातभर अंतरावर.

ती उतरली. डिकी उघडली.

रिकामी.

तिने मागच्या बंपरवर दोन्ही हात टेकून सगळा जोर लावला. रिकाम्या गाडीचं मागचं अंग असं दाबलं की खालीवर होतं. हे हललंसुद्धा नाही. आत काहीच दिसत नव्हतं, आणि गाडी मात्र भरल्या गाडीसारखी बसली होती.

भीती वाटली का, असं मी तिला नंतर विचारलं.

"भीती?" ती म्हणाली. "अरे, माझ्या डोक्यात तिडीक गेली! वाळू होती म्हणजे. होती, पण सुटी होती. मग ती डिकीतून काढली कुणी? गाडीला पहिला हात कुणाचा लागला?"

ती तडक लायलच्या गॅरेजवर गेली. तो शेगडीपाशी पाय शेकत बसला होता.

"अगं बया! चालायला लागली का ही शेवटी?" तो हसला. "दार निळं का गं? रंग संपला?"

"बस गाडीत."

"आत्ता? या बर्फात?"

"लायल, बस म्हणते ना! का घाबरलास?"

असं म्हटल्यावर आमच्याकडचा कुठलाही पुरुष बसतो. तोही बसला.

चढाच्या पायथ्याशी येईपर्यंत त्याची टकळी चालूच होती. मग त्याने विचारलं, "वाळू टाकलीस ना?"

"नाही."

"मग चढणार कशी?"

"ड्वेन कसा चढला?"

लायल खिडकीबाहेर बघायला लागला.

गाडी दबली. एकदा... आणि पुन्हा एकदा. लायलने झटकन मागे वळून पाहिलं. गाडी चढ चढत होती.

"मार्लिस, डिकीत काय आहे?"

"काही नाही."

"मस्करी पुरे झाली. काय ठेवलंयस?"

उतरण लागली. डावीकडचं वळण आलं, आणि उजवीकडे धप्प झालं. लायलने दाराची मूठ धरली. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि बाहेर थुंकी गोठेल अशी थंडी.

"थांबव."

मार्लिसने नाही थांबवली.

सर्रर्र...

"थांबव गं! पाया पडतो! मी लावणार होतो चौकट! खरंच लावणार होतो!"

वळणाच्या तोंडाशी तिने गाडी कडेच्या बर्फात घातली. इंजिन बंद केलं. पुढचं सगळं त्याने रडत रडत सांगितलं. त्या दिवशी ड्वेनच्या गाडीच्या मागच्या दिव्याची वायर गेली होती. ती बघायला लायलने गोण्या आणि चौकट बाहेर काढली. काम झाल्यावर गोण्या कशाबशा मागच्या कडेला टाकल्या. चौकट भिंतीशीच राहिली. निघताना ड्वेनने विचारलं होतं, चौकट बसवलीस ना? आणि हा कॉफी पीत म्हणाला होता, "हो रे, बसवली."

अपघातानंतर गाडी ओढून आणली तेव्हा याने गपचूप गोण्या काढल्या. चौकट शेगडीत जाळली.

"मला वाटलं, तो तर गेलाच आहे," लायल म्हणाला. "आता त्याला काय फरक पडतो?"

"मेल्या," मार्लिस म्हणाली, "माझ्या आईला पडतो."

गचांडी धरून तिने त्याला रविवारी चर्चच्या तळघरात उभं केलं. मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. कुणी चमचा हलवेना. आयलीन मावशी वर्षभराने तिथे आली होती.

"वर्षभर हसलात ना माझ्या पोराला?" ती एवढंच म्हणाली. "आता हसा!"

मावशीने आपला कप भरून घेतला आणि सगळ्यांच्या मधोमध बसून सावकाश कॉफी प्यायली.

त्या दिवसापासून मार्लिसच्या गाडीतला आवाज बंद झाला. ती रिकाम्या डिकीने पुन्हा चढाखाली गेली. चाकं फिरत राहिली, गाडी चढली नाही. एकदाही नाही. यावरही ती चिडली. "निदान जातो म्हणून सांगायचं होतं मेल्याने," म्हणाली. तेव्हा मात्र तिचे डोळे भरले होते.

इथे संपलं असतं तर मी लिहायलाही बसलो नसतो.

या फेब्रुवारीत माझी गाडी त्याच रस्त्यावर खड्ड्यात गेली. भर दुपारी, चांगलं ऊन असताना. टोइंगचा ट्रक गावात एकच. काय करणार? लायल आला. मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. त्याने माझी गाडी मागे अडकवली, मी केबिनमध्ये बसलो.

तो पार वाळलाय. दाढी वाढलेली. हाताशी रेडिओ होता, पण बंद. कशाकडे तरी कान लावून बसल्यासारखा तो गाडी चालवत होता.

केबिनमध्ये सीटच्या मागे वीतभर जागा असते. तिथे एक जुनं जाकीट पडलं होतं. दुसरं काही नव्हतं, मी चढताना नीट बघितलं होतं.

वळण आलं. लायलने वेग कमी केला. आणखी कमी केला. ट्रक जवळजवळ माणसाच्या चालीने जात होता...

सर्रर्र...

धप्प.

माझ्या पाठीला, सीटच्या पलीकडून, धक्का बसला.

लायलने ट्रक थांबवला. माझ्याकडे वळला.

"रोज होतं रे हे," तो म्हणाला. "बायको म्हणते, तुला वेड लागलंय. कुणालाच ऐकू येत नाही. तू ऐकलंस ना? आत्ता ऐकलंस ना तू? फक्त हो म्हण."

माझी पाठ अजून दुखत होती.

दया यायला हवी होती मला. माणसाला येते. पण डोळ्यांपुढे बटाट्याच्या भाजीची ती प्लेट आली, आणि मागे उभी असलेली मावशी.

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही ऐकलं. चल, हाक गाडी."